बाह्यरुग्ण

धुळ्याला, देवपुरात, एका कुरिअरच्या दुकानावर
तेरा पायऱ्या चढून गेलं की केंद्र.
कठड्याचा हिरवा रंग अजून हाताला लागतो.
रंग माझ्यासाठीच दिला असावा.
मी प्रपत्र घेऊन आलेलो, चौदा पानी, तीन प्रतींत,
आणि डोक्यात साडेचारची परतीची बस.

नोंदवही: आहे.
औषधं: कुलपात, मुदतीतली.
संडास: आहे. पाणी नाही.
समुपदेशक: मंजूर तीन, हजर एक.
कल्पना सैंदाणे म्हणाल्या,
"बाकीच्या दोघांच्या खुर्च्या आहेत बघा,
त्या मोजा हवं तर."

बरे झालेले: एकशे अकरा.
यादीतले पाच नंबर मी फिरवले.
दोन नुसतेच वाजले.
एक जण म्हणाला, राँग नंबर,
मी कुणाचं नाव घ्यायच्या आतच.
एक हसला, आणि हसतच राहिला.
पाचव्याची आई बोलली. झोपलाय म्हणाली.
दुपारचे बारा वाजले होते.
मी "बरे झालेले" खोडलं
आणि पेन्सिलीनं लिहिलं, "येईनासे झालेले".
ताईंनी ते पाहिलं. रबर पुढे केलं नाही.

मग रतिलाल बडगुजर आला.
तेलमिलवर हमाल, एकवीस वर्षं.
न पिता, चव्वेचाळीस दिवस.
गोळी घेतली, तोंड उघडून दाखवलं,
जीभ उचलून, शाळेतल्या पोरासारखं,
सही केली आणि निघाला.
एवढंच? मी विचारलं.
"आमच्याकडे एक तास," ताई म्हणाल्या,
"उरलेले तेवीस त्याच्याकडे.
बाह्यरुग्ण म्हणजे तेच ना, साहेब?
बाहेरच तर सगळं आहे."

त्याच्या फाइलीत एक लग्नपत्रिका होती.
मागच्या कोऱ्या बाजूवर
कोकिळाबाईनं बॉलपेननं घरचा रस्ता काढलेला,
आणि जिथं जिथं दुकान, तिथं कपाळाची एक टिकली.
सात म्हणे. मी मोजल्या, सहा.
एका जागी नुसता डिंकाचा गोल.
लहान पुलापलीकडच्या एका टिकलीवर बोट ठेवून मी म्हणालो,
इथं तर खानावळ आहे, इथं काही मिळत नाही.
"शेवभाजी मियते," रतिलाल म्हणाला,
"ती मी कधीच कोरडी खाल्ली नाही."

साडेचारची बस मी जाऊ दिली.
त्याच्या मागे चालत गेलो, रस्ता मोजत.
सरळ गेलं असतं तर वीस मिनिटं.
तो गेला स्मशानाकडून, लाकडाच्या वखारीमागून,
एका शाळेच्या मैदानातून तिरका,
आणि मग पुलावर आला.
पांझरेत पाणी असं नव्हतंच,
एक ओली रेघ, तिच्यात चार म्हशी.
तिथं तो थांबला, कठड्याला पोट लावून,
खाली बघत, जसं काही तिथंच घर.
मला काही विचारायचं सुचेना. चौदा पानांत
पुलासाठी प्रश्न नव्हता.
शेवटी तोच म्हणाला,
"आज ते नही लिधी.
सकायनं सकाय देखसूत."

श्रेणी मी "ब" दिली. पाणी नसल्याचे गुण कापले.
एकशे अकराचा आकडा तपासावा, असं स्पष्ट लिहिलं.
ताईंना राग येईल. येऊ दे.
आणि शेऱ्याच्या दोन ओळींत, दाटीवाटीनं:
शनिवारी केंद्र पाचला बंद होतं.
तेलमिलचा पगार सातला होतो.
शनिवारी नऊपर्यंत दार उघडं ठेवावं,
मग बुधवार अख्खा बंद राहिला तरी चालेल.

रात्री बसस्टँडवर कागद लावताना दिसलं,
तिसऱ्या प्रतीला, सहीच्या जरा वर,
सातवी टिकली चिकटून आलेली.
काढली नाही.
वरून विचारणा झाली तर उत्तर देईन,
डाग नाही तो, साहेब.
दुकान आहे तिथं.